न मागण्याचा शब्द

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली आणि माझ्या आईने देवाकडे मागितलं. लिफ्ट अडकण्यात नवल काहीच नव्हतं. आमची लिफ्ट अडकतेच. न अडकता वर गेली तर लोक घरी जाऊन सांगतात. पण आईने मागावं? एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताने माझा दंड घट्ट धरलेला, वर छतात तो पिवळा दिवा उघडझाप करतोय, पिशवीतून सुटलेला एक बटाटा माझ्या डोळ्यांसमोरून घरंगळत कोपऱ्यात गेलाय, आणि आई त्या दिव्याकडे बघून म्हणाली, "देवा, आत्ताच्या आत्ता काहीतरी कर रे." घरातल्या एखाद्या माणसाला आतल्या खोलीत हाक मारून सांगावं तसं. लिफ्टने हिसका दिला, कुरकुरली आणि वर निघाली. चौथा मजला आला. आई म्हणाली, "किल्ली काढ." मी किल्ली काढली, दार उघडलं, पंखा लावला आणि पलंगावर बसले. मला जरा घाम आला होता, बंद जागेत माझं असं होतंच, त्याचं काही नाही. पण आई स्वयंपाकघरात जाऊन बटाटे टोपलीत ओतायला लागली आणि तो आवाज ऐकताना आत्ता काय झालं ते मला उमगलं. मी पाच वर्षांची होते तेव्हापासून या बाईने देवाकडे काही म्हणजे काही मागितलेलं नव्हतं. आणि आज मागितलं, तेही लिफ्टसाठी!

आता कुणी म्हणेल, म्हातारी माणसं मागतातच, त्यात एवढं काय. तर आमच्याकडे ते तसं नाही. पाच वर्षांची असताना मला ताप आला, मान ताठ झाली, डोळे फिरले, आणि दवाखान्याच्या लांबलचक वऱ्हांड्यात डॉक्टरांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की आता आमच्या हातात काही राहिलं नाही. बाबा तिथेच बाकावर बसले. आई खिडकीशी गेली. खाली दवाखान्याच्या चादरी वाळत घातल्या होत्या, आणि त्या चादरींकडे बघत ती मोठ्याने, वऱ्हांड्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिला ठेव. या घरातून पुन्हा तुझ्याकडे कधीही, काहीही मागणं येणार नाही." हे मला बाबांनी सांगितलंय, आईने सांगितलंय, त्या वॉर्डातल्या एका नर्सनेही पुढे एकदा बाजारात भेटल्यावर सांगितलं. मला स्वतःला आठवतं ते इतकंच, की मी पाणी मागितलं आणि आई रडायला लागली, आणि मला वाटलं पाणी मागून मी काहीतरी चूक केली. बाबा नंतर तिला चिडवायचे, "अगं, बोलायचंच होतं तर पुढच्या वर्षापर्यंत मागणार नाही, असं बोलायचं. कायमचं कशाला?" आई म्हणायची, "तेव्हा काय घासाघीस करत बसायचं होतं?"

देवाने आपली बाजू पाळली असं म्हणायचं, कारण मी आहे. पण त्याचं काम एका पहाटेत आटोपलं. आईची बाजू मात्र रोज सकाळी उठून पाळायची होती, आणि आपल्या बोलण्यात देवाकडे मागणं किती ठिकाणी दडून बसलेलं असतं, हे आईसारखं कुणी शोधून काढलं नसेल. 'देव करो नि' ने सुरू होणारं वाक्य तिच्या तोंडी कधीच आलं नाही. ठेच लागली तर 'देवा' नाही, 'अगं आई गं'. कुणाचं लग्न ठरलं तर 'सुखी राहा' म्हणावं की नाही यावर तिने बाबांशी वाद घातल्याचं मला आठवतं. शेवटी तिने ठरवलं, की राहा हे मी त्या मुलीला सांगतेय, वर कुणाला सांगत नाहीये, तेव्हा चालेल. पण 'देव तुझं भलं करो' नाही. शेजारच्या काकू एकदा मुलाच्या परीक्षेआधी पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या, म्हणाल्या, दोन शब्द बोला याच्यासाठी. आई त्या मुलाला म्हणाली, "अभ्यास केलायस ना? मग झालं." काकूंनी ते मनावर घेतलं, आणि आमच्या मजल्यावर आई शिष्ट ठरली. ती देवाला विसरली होती असं नाही, उलट दिवसातून दहादा त्याच्याशी बोलायची. आज ऊन छान पडलंय, असं सांगायची. काल भाकरी करपली, असंही सांगायची. बरं झालं, आभार, हे तर सतत. फक्त मागायची नाही. मी लहानपणी विचारायचे, "आई, तो बोलतो का परत?" आई म्हणायची, "त्याचं बोलून झालंय. तू समोर उभी आहेस ना."

मी समोर उभी आहे, हे ओझं कुणावर घालू नये. माझं आयुष्य काही एवढं देखणं नाही, की ते बघून एखाद्याला आपला शब्द सार्थकी लागल्यासारखं वाटावं. लग्न केलं नाही. जमलं नाही म्हणा. नोकरी करते, आईला सांभाळते, संध्याकाळी पाय दुखतात, माझा स्वभाव तुसडा आहे हे मला ठाऊक आहे. लहानपणी मी चिडून पाटी फोडली, मोठेपणी भांडून दोनदा नोकरी सोडली, आणि दर वेळी आईच्या चेहऱ्याकडे बघितलं की तिथे काहीच नसायचं. रागही नाही, 'तुझ्यासाठी मी काय केलं' हेही नाही. तिने ते एकदा जरी बोलून दाखवलं असतं तरी मी तिच्याशी कडाकडा भांडले असते आणि मोकळी झाले असते. पण ती तसं बोलणाऱ्यांतली नाही. आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठी तिने काय केलं, हा प्रश्नच नाही. धाकट्यासाठी तिने काय केलं नाही, हा प्रश्न आहे.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. मी वाचले त्यानंतर दोन-तीन वर्षांनी तोही तसाच तापाने पडला. तोच दवाखाना, तोच वऱ्हांडा. बाबांचा देवावर विश्वास नव्हता, पण आईच्या मागण्यावर होता, आणि मी त्या वऱ्हांड्यात उभी राहून माझ्या बाबांना, त्या एवढ्या उंच माणसाला, आईसमोर उकिडवं बसून गयावया करताना बघितलंय. "अगं माग ना. एकदा माग. मी पाया पडतो तुझ्या." आई बाकावर बसली होती. तिने दोन्ही हात मांड्यांखाली घालून ठेवले होते, आपले आपण जोडले जाऊ नयेत म्हणून. ती म्हणाली, "मी शब्द दिलाय." बाबा ओरडले, "कुणाला दिलायस? तो आलाय का मागायला?" आई म्हणाली, "ज्याला दिलाय तो तुमच्याआधी इथे बसलाय." आणि मग माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा जेमतेम आठ वर्षांची असेन, पण ते बघणं मला पुरतं कळलं. शब्द मोडला तर देव मला परत नेणार. एकाला मागायचं म्हणजे दुसरीला द्यायचं, असा तो हिशेब तिने मनाशी मांडला होता. बरोबर की चूक, ते तिचं तिला माहीत. धाकटा जगला. एक कान पार गेला आणि दुसऱ्यात थोडंसं उरलं, खोल विहिरीतून कुणी बोलावं एवढं.

माझं काम कानांचंच आहे, हे ऐकून लोक मान डोलावतात, भावासाठी हिने हे निवडलं म्हणतात. तसं काही नाही, तेव्हा तीच नोकरी मिळाली. एक जाड दाराची, भिंतींना मऊ पट्ट्या लावलेली छोटी खोली, तिला काच, काचेच्या अलीकडे मी. आतल्या माणसाच्या कानाला हेडफोन, हातात बटण. मी बारीक बारीक होत जाणारे आवाज सोडते. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. सोपं वाटतं. पण लोक आवाज नसतानाही दाबतात. खोटं बोलत नाहीत बिचारे. इतकी वाट बघतात की वाट बघण्याचाच आवाज यायला लागतो. मग मी काही न सोडता नुसती थांबून राहते, आणि ते आत बसून दाबतात, दाबतात. धाकट्याचा कान दरवर्षी मीच तपासते, तेव्हा मी त्याची खुर्ची पाठमोरी फिरवून घेते. कारण तो लबाड माझ्या खांद्याकडे बघतो आणि खांदा हलला की बटण दाबतो. ही विद्या तो लहानपणीच शिकला. त्या वेळी त्याला तपासणारा जो माणूस होता, तो आवाज सोडला की भुवया वर करायचा. धाकट्याने भुवयांवर सगळी परीक्षा पार केली. कान चांगले आहेत असा निकाल आला, ऐकायचं मशीन मिळालं नाही, आणि तो वर्षभर शाळेत मागच्या बाकावर काही न ऐकता बसला, ढ म्हणून मार खात राहिला. मी खूप वर्षांनी त्याला विचारलं, "मूर्खा, का केलंस असं?" तर म्हणाला, "आई बाहेर बसली होती ना गं."

आणि तो आईवर कधी रागावला नाही, हेच तर सगळ्यात अवघड. मोठा झाला, कारखान्यात लागला, प्रचंड यंत्रांच्या खोलीत. तिथे बाकीचे कानात बोळे घालतात, हा आपलं मशीन काढून खिशात ठेवतो आणि म्हणतो, "माझी तयारी आधीपासूनच आहे." तिथल्या लोकांना, बायकोला, पोरांना, कुणालाही तो ती गोष्ट सांगतो, अगदी छाती फुगवून. माझी आई म्हणजे काय चीज आहे माहितेय? पोटच्या पोरासाठीसुद्धा शब्द मोडला नाही! मी समोर असले की ऐकून घेते. इतक्या वेळा सांगतो, की मला वाटतं हा हे आपल्यालाच सांगतोय. पण काही का असेना, त्याने आपलं सगळं बहिरेपण त्या शब्दाच्या टेकूवर उभं केलं होतं. बाबा गेले तेव्हाही तो टेकू हलला नाही. बाबा शेवटी शेवटी पलंगावरून आईला म्हणाले होते, "माझ्यापुरती एक दिवस सुट्टी घे ना." आई त्यांचे पाय चेपत होती. म्हणाली, "याला सुट्टी नसते हो." बाबा हसले, त्यांना ढास लागली, आणि आईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हाही नाही मागितलं. नवऱ्यासाठी नाही, मुलाच्या कानांसाठी नाही. आणि आता, त्र्याऐंशीव्या वर्षी, चौथ्या मजल्यावर जायला जरा उशीर होत होता म्हणून? मला हसू आलं आणि त्या हसण्याचीच भीती वाटली. हे धाकट्याला कळलं तर तो कुठे जाईल? दर रविवारी तो येतो. रविवार चार दिवसांवर होता.

ते चार दिवस मी आईवर पाळत ठेवली म्हटलं तरी चालेल. मला वाटत होतं ती विसरली असावी. वय झालंय, कधीतरी सुरुवात व्हायचीच, आणि विसरलेल्या माणसाने शब्द मोडला तर तो मोडला म्हणायचा का? देव काय आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा थोडाच आहे! पण आई विसरली असल्याचं एकही लक्षण सापडेना. भाजीवाल्याने वजनात मारलेला हात तिने तिथल्या तिथे पकडला. गॅस बंद केला का, हे मीच विसरले आणि तिने आठवण केली. मी आडून विचारलं, "आई, परवा लिफ्टमध्ये काय झालं गं?" ती तांदूळ निवडत होती; मान वर न करता म्हणाली, "ती लिफ्ट भंगारात घाला म्हणावं." आणि तेव्हापासून ती जिना चढायला लागली. मी म्हटलं, "अगं चार मजले, गुडघे जातील." "जाऊ देत." प्रत्येक मजल्यावर थांबून कठड्याला धरून श्वास घ्यायची आणि पुन्हा चढायची, तोंडातून चकार शब्द नाही. आधी सारखी देवाशी गप्पा मारायची, त्याही बंद झाल्या होत्या. ऊन पडलेलं सांगत नव्हती, भाकरी करपलेली सांगत नव्हती. हे माझ्या लक्षात आलं आणि मला कळलं, की ती विसरलेली नाही. ती तोंड लपवतेय.

मग माझीही झोप उडाली. रस्ता ओलांडताना मी दोन्हीकडे चारचार वेळा बघायला लागले, म्हणजे बघा. विश्वास आहे का माझा या सगळ्यावर? विचारलं तर मी खांदे उडवीन. पण ज्या बोलण्यावर माझा श्वास चालू आहे असं लहानपणापासून ऐकत आले, ते बोलणं मोडलं, आणि शरीराला ते बुद्धीच्या आधी कळलं. कामावर एक म्हातारे गृहस्थ आत हेडफोन घालून बसले होते, आणि मी आवाज सोडायचाच विसरले. ते बटण दाबत होते, समाधानाने हसत होते, आणि मी काचेच्या अलीकडे बसून विचार करत होते, की करार दोघांचा असतो म्हणतात, पण दुसरा कधी दिसत नाही. दिसतो तो आपला आपणच, बाकावर मांड्यांखाली हात घालून बसलेला. आई नसती तर त्या करारात होतंच कोण? तिने पाळला म्हणून तो होता. तिने मोडला तर तो आता नाही, आणि नाही म्हटलं तर आधीही नव्हता की काय? मग धाकट्याच्या कानांनी ती किंमत कुणाला दिली? आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी दारातून विचारलं, "अहो, काका कधीचे बसलेत आत?" मी दचकून पहिल्यापासून सुरुवात केली. मी मनाशी पक्कं केलं, की रविवारी बोलायचं नाही. आई बोलणार नाही, मी बोलणार नाही, लिफ्टला तर बोलताच येत नाही. धाकट्याचा टेकू जागच्या जागी राहील.

रविवारी सकाळी धाकटा आला, नेहमीसारखा. मोरीतला नळ गळत होता, तो त्याने पान्याने आवळला, हात पुसत बाहेर आला, खुर्चीत बसला. मी चहा आणला. आई पलंगाच्या कडेला बसली होती. ती उठली आणि स्टूल ओढून त्याच्या मशीनवाल्या कानाच्या बाजूला बसली. "छोट्या, मशीन नीट बसव. मला काही सांगायचंय." मी झटक्यात म्हटलं, "आधी चहा घ्या बरं, निवतोय." आई म्हणाली, "तू गप्प बस." धाकट्याने कानातलं मशीन चाचपलं आणि गमतीने माझ्याकडे बघितलं, आता कुणाची तक्रार, अशा नजरेने. आई म्हणाली, "मी बुधवारी देवाकडे मागितलं."

धाकटा काही क्षण तसाच हसत राहिला, हसू काढून घ्यायचं राहून गेल्यासारखा. मग माझ्याकडे वळला, "काय म्हणते ही?" मी म्हटलं, "काही नाही रे, लिफ्ट अडकली होती, पटकन तोंडातून निघून गेलं असेल. असं काय धरून बसायचं." "लिफ्टसाठी?" तो म्हणाला, आणि मोठ्याने हसला, बहिरी माणसं हसतात तसं, किती मोठ्याने ते न कळून. "मग आमच्या कारखान्यातल्या लिफ्टसाठी पण सांगायचंस की, महिनाभर बंद आहे!" पण त्याच्या हातातली बशी वाजत होती, आणि ती वाजतेय हे त्याला ऐकू येत नव्हतं. मला ते बघवेना. मी ती बशी त्याच्या हातातून काढून घेतली.

"लिफ्टसाठी नाही," आई म्हणाली. "लिफ्टला काय जाळायचंय. ही खाली बसली होती. ओठ निळे पडले होते हिचे. श्वास आत जात नव्हता, माझा हात धरून नुसती तोंड उघडत होती. मला वाटलं, गेली."

"काहीतरीच काय आई," मी म्हटलं, "मला जरा घाम आला होता." आणि ते म्हणता म्हणता मला तो बटाटा दिसला. माझ्या डोळ्यांसमोरून घरंगळत गेलेला. बटाटा जमिनीवर होता. माझे डोळे तेवढ्या खाली कधी गेले? लिफ्टच्या गार पत्र्याचा स्पर्श मला गालावर आठवला, इतका स्पष्ट, की हात आपोआप गालावर गेला. दंड धरला होता तो मला उठवायला. मी चार दिवस लिफ्ट, लिफ्ट करत होते, आणि तिने मागितलं होतं ते पुन्हा माझ्यासाठीच.

धाकट्याच्या तोंडावरचं हसू आता गेलं होतं. तो रागावला नव्हता. रागावला असता तर फार बरं झालं असतं. त्याने हळू विचारलं, "म्हणजे पुन्हा ताईसाठीच?"

"हो," आई म्हणाली.

"माझ्यावेळी नाही मागितलंस."

"नाही मागितलं. हिला नेतील म्हणून. तुझ्यावेळी मी विचार केला रे. हिच्यावेळी विचार करायला वेळच मिळाला नाही, आपोआप आलं तोंडातून."

"माझ्यावेळी वेळ होता."

"होता," आई म्हणाली. ती खोटं बोलणाऱ्यांतली नाहीच, कधी नव्हती. आत्ता एकदा खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं? "आठवडाभर होता. आठवडाभर मी तुझ्याकडे बघत होते आणि हात दाबून बसले होते."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. धाकटा खिडकीकडे बघत होता. मी मनात म्हणत होते, ओरड रे, कप फोड, निघून जा. त्याच्या जागी मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. त्याने नुसता कपाळावरून हात फिरवला. मग आईच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आता मोडलाच आहे. एकदा मोडला काय नि दहादा मोडला काय. तुझ्यासाठी मागते. सांग, काय मागू?"

मला वाटलं तो म्हणेल, काही नको. पण त्याने विचार केला. खरोखर केला, दुकानात पहिल्यांदाच आलेल्या पोरासारखा तो विचारात पडला, आणि त्याचे पिकलेले कल्ले बघून मला भडभडून आलं. "कान नकोत," तो शेवटी म्हणाला. "त्या कारखान्यात ऐकून करू काय. पोरं बरी आहेत. घर आहे." तो थांबला. "काय ते नको सांगू. नुसतं माझ्यासाठी माग. एकदा. मला ऐकू दे."

आईने पाठ ताठ केली. हात मांडीवरून उचलले आणि जोडले. त्या हातांना सवय राहिली नव्हती, बोटं एकमेकांत अडकली, ती तिने सोडवली. वर बघितलं. "देवा," ती म्हणाली. आणि थांबली. तिचे ओठ हलले, घसा हलला. "देवा, हा माझा..." पुढे काही येईना. इतकी वर्षं तिने ते शब्द तोंडाशी आले की मागे ढकलले होते, आणि आता बोलावल्यावर ते येत नव्हते. धाकटा तिच्या ओठांकडे बघत होता. ती पुन्हा म्हणाली, "देवा..." आणि मग त्याच्याकडे वळून, मी तिला कधी बघितली नव्हती अशा घाबऱ्या चेहऱ्याने म्हणाली, "येत नाही रे छोट्या. हिच्यावेळी आलं. आता येत नाही."

"राहू दे आई," मी म्हटलं. धाकट्याने मला हाताने थांबवलं. खुर्ची ओढून तो तिच्या इतका जवळ गेला की त्याचा कान तिच्या तोंडाशी आला. "घाई नाहीये," तो म्हणाला. "बघ परत." आणि ती परत बघायला लागली.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मी आयुष्यात देवाकडे कधी काही मागितलेलं नाही. या घरातून, असं आई म्हणाली होती, त्या घरात मीही होते. आणि शिवाय मला वाटायचं, माझी बाजू म्हणजे जिवंत राहणं, तेवढी मी पाळतेय. उभ्या जागी मला माझ्या धडधाकट कानांची लाज वाटली, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या श्वासाची लाज वाटली. मला मागता येतं की नाही तेही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, मनातल्या मनात नाही, तोंडाने, "देवा, तिला बोलता येऊ दे. त्याच्यासाठी. माझं काय करायचं ते कर." आमच्या घरातून माझ्या भावासाठी गेलेलं ते पहिलं मागणं. त्या दोघांनाही ते ऐकू गेलं नाही. आई तोंड उघडून, हात जोडून वर बघत होती, आणि धाकट्याने कानामागे बोट नेऊन मशीनचा आवाज होता तेवढा वाढवला.